पहिल्या खुंटीवरचा निळा शर्ट

लातुरात राहून ज्याच्या कपड्याला कधी ग्रीस लागलं आणि जो त्यासाठी मामूंकडे गेला नाही, तो माणूस एकतर सरकारी कारकून असला पाहिजे, नाहीतर खोटं बोलत असला पाहिजे. आमच्या गॅरेज लाइनीत दुकानं मोप होती, पण कामाचे कपडे धुणारं दुकान एकच, मामूंचं. फिटर, ट्रॅक्टरवाले, बोअरच्या गाडीवरची माणसं, पत्रे ठोकणारे, सगळ्यांचे निळे, खाकी आणि हिरवे कपडे त्यांच्याच हौदातून पावन होऊन निघायचे. मामू तसे कुणाचेच मामू नव्हते. त्यांना बहीण नव्हती, त्यामुळे भाचा असण्याचा प्रश्न नव्हता. तरी अख्खी लाइन त्यांना मामू म्हणायची, आणि बोलण्याच्या भरात त्यांची बायकोही तसंच म्हणून जाते, असं आम्ही वर्कशॉपात एकमेकांना सांगायचो. अंगानं काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी, अंगात जाकीट, आणि साऱ्या गावाचे डाग काढणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या सदऱ्यावर पानाचा एक लाल डाग कायमचा वस्तीला. कुणी बोट दाखवलं की ते म्हणायचे, न्हावी काय स्वतःची हजामत स्वतः करतो का.

कपडा घेताना मामू आधी डागाशी ओळख करून घेत. शर्ट उजेडात धरायचा, डाग अंगठ्यानं चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि मग गिऱ्हाइकाची उलटतपासणी सुरू. इंजिनाचं तेल की गिअरचं? नवं की जळकं? ग्रीस कुठल्या बेअरिंगचं? कधी लागलं? त्यावर पाणी मारलं का? माणसाला आपल्या लग्नाची तारीख आठवायची नाही, पण मामूंच्या पुढं उभं राहायचं तर डागाचा जन्म सांगावा लागे. एकदा एक ट्रॅक्टरवाला आला आणि शर्टाला डिझेल लागलंय म्हणाला. मामूंनी वास घेतला आणि शांतपणे जाहीर केलं की हे डिझेल नव्हे, भज्याचं तेल आहे, आणि तेही मिरचीच्या भज्याचं. नेमका त्याचा मालक मागं उभा होता, आणि त्याला आदल्या दिवशी ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडल्याचं सांगण्यात आलं होतं. पुढं जे झालं त्यात मामूंनी अजिबात लक्ष घातलं नाही. ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचा डाग हुंगत बसले होते.

माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत, डाग राहत. त्यामुळं कुणी 'डिझेल' होता, कुणी 'ब्रेक ऑईल', एक पोटाशी धरून चाकं उचलणारा गडी होता तो 'पोटावरचं ग्रीस'. मी फिटर म्हणून लागलो आणि त्यांनी मला फिटरच म्हटलं, कारण माझ्या कपड्यावर सगळीकडं सगळंच असायचं. माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, त्याच वर्कशॉपात होता. तो डावखुरा. त्याच्या डाव्या बाहीच्या मनगटाला ग्रीसचा एक लांबट पट्टा ठरलेला असायचा, दर आठवड्याला, त्याच जागी. मामू त्याला डावरे म्हणत. डावरे आला का, डावरेचा शर्ट वाळला का. वहिनी सुरुवातीला चिडायची, मग तीही हसून दादाला तीच हाक मारायला लागली.

रंगीत कपड्याबाबत मामू फार कडक होते. पांढरा कपडा कुणीही धुतं, त्यात काय कर्तृत्व, असं त्यांचं मत. रंगीत कपड्यातून तेल जायला पाहिजे आणि रंग राहायला पाहिजे, खरी परीक्षा तिथं. आधी डागावर खडूची भुकटी दाबायची आणि दिवसभर तेल पिऊ द्यायची. मग कपडा उलटा करून खाली जुनं फडकं ठेवायचं आणि मागच्या अंगानं राकेलचा बोळा, कडेकडून आत, म्हणजे डाग पसरत नाही. मग रिठ्याचं पाणी, थंड. मग वाळवणं, तेही उलटं आणि सावलीत. डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री हराम. आमच्या फोरमनच्या घरी एकदा डागासकट इस्त्री केलेला शर्ट मामूंकडे आला, तेव्हा ते खाटेवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. "तुम्ही डाग शिजवला," एवढंच ते फोरमनला म्हणाले आणि महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

आता बिब्ब्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. निळे शर्ट शंभर आणि सगळे सारखे, मग कुणाचा कोणता हे कळण्यासाठी मामू कॉलरच्या आतल्या पट्टीवर बिब्ब्याची खूण करत. गरम सुई बिब्ब्यात टोचायची, तिच्या टोकानं ठिपके-रेघा काढायच्या, वर चुना फासायचा. ती खूण काळी पडते आणि कपडा विरला तरी जात नाही. डाग काढणारा माणूसच पुन्हा न जाणारा डाग पाडतो, यावरून आम्ही त्यांना छेडायचो. बिब्बा वाईट असतो. कातडीला लागला तर उततो, फोड येतात. म्हणून मामू आधी बोटांना तिळाचं तेल चोळून घेत, आणि या बाबतीत त्यांना कधी घाई झालेली मी पाहिली नाही. सुई, बिब्बा, चुन्याची डबी, काडेपेटी आणि छोटी कात्री हा सरंजाम जाकिटाच्या खिशात कायम. लग्नाला गेले तरी खिशात बिब्बा. दादाची खूण होती तीन ठिपके आणि एक तिरकी रेघ. तिरकी का, तर डावरे म्हणून.

त्या वर्षी दादा गणपती बुडवायला गावी गेला. किल्लारीजवळ आमचं गाव. आई-वडील आधीच वारलेले, घराला कुलूप, पण गावच्या मंडळात ताशा तोच वाजवायचा, डाव्या हातानं, आणि त्यावाचून मिरवणूक हलत नाही अशी त्याची समजूत होती. वहिनीला घेऊन जाता येत नव्हतं, दोन महिन्यांची पोर होती. ड्यूटी संपल्यावर तो कामाच्या निळ्या शर्टातच जीपला लोंबकळून गेला. आणि उजाडायच्या आत जमीन हलली. लातुरात आमची भांडी पडली, भिंतींना चिरा गेल्या, एवढ्यावर भागलं. गावाकडं काय झालं ते दुपारपर्यंत कळलं, आणि मी पोचलो तेव्हा गाव नव्हतं. दगड आणि माती होती, आणि वरून पाऊस.

दादा कुणाच्या घरी झोपला होता हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. शिवाय मिरवणुकीला चार गावांची माणसं आलेली, कुणाची कोण, काही पत्ता लागत नव्हता. मी रोज जात होतो, दगड उचलत होतो, निळं काही दिसलं की धावत होतो. संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी आलो की वहिनी दारात उभी. तिनं एकच धरलं होतं. कुणीतरी हात लावून सांगितल्याशिवाय मी मानणार नाही, आणि ते आल्याशिवाय मी खाणार नाही. रडतही नव्हती. चौथ्या दिवशी शेजारणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की हिचं दूध आटलंय, पोर रडून रडून गप व्हायला लागली आहे, वरचं दूध तोंडात टिकत नाही. नवरा गेला, आता पोर जाईल. मी काय करणार होतो? मी मामूंकडे गेलो. खुणेवरून माणसं ओळखायला ते तरी येतील, एवढंच डोक्यात होतं.

जीपमध्ये मी त्यांना वहिनीचं सगळं सांगितलं. गावात स्वयंसेवकांनी त्या दिवशी काढलेली माणसं ओळीनं ठेवली होती आणि सरपण कमी पडत होतं. निळ्या शर्टातला एक होता. चेहरा राहिला नव्हता. उंची दादाचीच वाटली, मग वाटली नाही. मी बघू शकलो नाही. मामू त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि मला म्हणाले की फिटर, जरा पाणी आणा. मी टँकरपर्यंत गेलो, रांगेत उभा राहिलो, पाणी घेऊन परत आलो. त्याला तोवर पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं होतं, आणि मामूंच्या हातात निळ्या कापडाचा एक तुकडा होता. तीन ठिपके, एक तिरकी रेघ.

"डावरेच हाय," ते म्हणाले. "वैनीला हे द्या. सांगा, मामूनं हात लावून बघितलं."

मी दादाला अग्नी दिला. घरी येऊन तो तुकडा वहिनीच्या हातावर ठेवला. तिनं खूण पाहिली, तुकडा उलटापालटा केला, मुठीत धरला आणि मग ती जी रडली ते गल्लीनं ऐकलं. त्यानंतर शेजारणीनं कालवलेला भात तिनं खाल्ला. दोन दिवसांनी पोर अंगावर पिऊ लागली. मामू घरी बघायला आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना टपोरे फोड होते आणि वर चिंधी बांधलेली. त्या दिवसांत कुणाचा हात धड होता? सगळेच दगड उचलून आलेले. मीही काही विचारलं नाही.

भूकंपानंतर मामू थोडे बिघडले, असं लाइनीत सगळ्यांचं मत पडलं. त्यांना दोन नवे छंद लागले. पहिला म्हणजे दुकानाच्या पहिल्या खुंटीवर एक निळा शर्ट टांगलेला. धुतलेला, घडी मोडू नये म्हणून खालचा काठ आत दुमडून टाचण्या लावलेला, आणि उजव्या खिशाखाली तळहाताएवढा तेलाचा डाग तसाच. मामूंच्या दुकानात डाग असलेला शर्ट खुंटीवर, ही गोष्ट बघायला माणसं मुद्दाम येत. कुणी म्हणे मामू थकले, कुणी म्हणे हा डाग त्यांना हरवून गेला. मामू चिडत नसत. "ह्यो डाग न्हाई, पत्ता हाय," म्हणायचे. "गिऱ्हाईक येनार हाय." गिऱ्हाईक काही येईना. दरवर्षी पावसाळा संपला की मामू तो शर्ट पुन्हा धूत, डागाच्या कडेकडेनं, डागाला पाणी लागू न देता, आणि पुन्हा टांगत.

दुसरा छंद प्रवासाचा. आयुष्यात कधी लातूर न सोडणारा हा माणूस आता दर आठवड्याला दुकान बंद ठेवून एसटीत बसायला लागला. कधी उदगीर, कधी देगलूर, एकदा उमरीच्या बाजारात कुणी पाहिले. विचारलं तर रिठा आणायला गेलो होतो म्हणायचे. रिठा लातुरात काय कमी होता? मग देगलूरला मामूंनी दुसरं घर केलंय अशी अफवा उठली, आणि मीही ती चवीनं पसरवली, हे आज सांगताना लाज वाटते. एका पावसाळ्यात ते देगलूरहून तापानं फणफणून आले तरी पुढच्या आठवड्यात निघाले. आम्ही म्हणालो, नवीन मामी फार कडक दिसते.

बघता बघता आमची लाइन बदलली. वर्कशॉपच्या मालकानं शेड पाडून तीन मजले चढवले आणि वर क्लासेस आले. एकाच्या शेजारी दुसरा, दुसऱ्याच्या डोक्यावर तिसरा. जिथं आम्ही गिअरबॉक्स उतरवायचो तिथं पोरं फिजिक्स उतरवून घ्यायला लागली. उमरीपासून देगलूरपर्यंतची पोरं लातुरात येऊन पडली, आणि वहिनीनं मुलींची खानावळ काढली, ती चांगली चालली. मामूंचे मात्र हाल. ग्रीसवाली गिऱ्हाइकं रिंग रोडला गेली आणि इथं येऊ लागले वरणाचे आणि पेनाच्या शाईचे डाग. या डागांना काय विचारायचं, असं म्हणून ते उसासा टाकत. पण एक फायदा त्यांनी शोधला. रोज क्लास सुटला की वर जाऊन फळ्याखालची खडूची भुकटी डब्यात भरून आणायची. सरांना ते सांगत की तुमचं शिकवणं पोरांच्या डोक्यात किती जातं ठाऊक न्हाई, पण तेल लई झकास वढतं. सर हसायचे. मामू मात्र ही गोष्ट पूर्ण गांभीर्यानं बोलत.

मी तोवर रिंग रोडच्या गॅरेजात लागलो होतो. एका दुपारी माझे दोन नवे शर्ट घेऊन त्यांच्याकडे गेलो. मामूंचे हात थरथरत होते, म्हणून म्हणालो, द्या, खूण मीच करतो. मी सरळ बिब्बा उचलला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. आधी तेल लावा म्हणाले. मी हसलो, म्हणालो मामू, तुम्हाला तर कधी उतला नसेल. त्यांनी तेलाची वाटी माझ्याकडं सरकवली.

"जिंदगीत एकदाच उतला," ते म्हणाले. "तेल व्हतं कुठं तिथं."

आणि ते पहिल्या खुंटीकडं बघायला लागले. मला कळायला वेळ लागला. ती तीन बोटं. ती चिंधी. पाण्याच्या रांगेत मी उभा असताना एवढ्या वेळात काय काय झालं असेल ते.

"डावरेचा डाग डाव्या मनगटाला, ग्रीसचा," मामू खाली बघत बोलत होते. "ह्या खुंटीवरच्या शर्टावर करडीचं तेल हाय, उजव्या खिशाखाली. पेंडीचा वास येत व्हता. तेलाच्या गिरनीतला आदमी, पोतं उजव्या अंगाला धरनारा. माझ्या हातचा कपडा बी न्हाई तो. मला बघताक्षनी कळलं, फिटर."

मला राग आला, आणि तो खरा राग होता. मी कुणाला अग्नी दिला? माझा भाऊ कुठं आहे? मी आवाज चढवून विचारलं की हे करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. त्यांनी ऐकून घेतलं.

"तिकडं ल्हान पोर मरून राहिली व्हती," ते म्हणाले. "मी ते बघितलं. पन ह्या आदमीचं बी कुनीतरी घरी बसलं असंल ना. त्यांचा मानूस मी तुमच्या नावानं जाळून आलो. हिंदू व्हता का आमच्यातला, ते बी म्या बघितलं न्हाई. तवापासून एकेक गिरनी फिरून राहिलो. कुनी सांगत न्हाई."

म्हणजे उदगीर, देगलूर, उमरी. म्हणजे आम्ही पसरवलेली ती दुसरी बायको. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मी मामूंचा हात धरून बसलो, आणि वर क्लासमध्ये पोरं एका सुरात काहीतरी पाठ म्हणत होती. वैनीला सांगू नका, एवढं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं आणि पाळलं. ते पाळताना वहिनीच्या नजरेला नजर देणं मला जड जायचं.

मामू त्याच वर्षी गेले, घरीच, चार दिवसांच्या आजारात. दुकानाच्या जागी आता एका क्लासचं प्रवेशाचं काउंटर होणार होतं. मामींनी मला बोलावून पहिल्या खुंटीवरचा शर्ट दिला आणि म्हणाल्या, तुम्हालाच द्यायला सांगून गेलेत. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि लपवायच्या बेतात होतो, तर वहिनी समोर. तिनं कागद सोडला. टाचण्या काढल्या. शर्टाच्या खालच्या काठाला, मागच्या बाजूनं, एक चौकोन कापलेला होता.

ती आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. त्यातला तुकडा तिनं त्या जागेवर ठेवला. काठाला काठ जुळला. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"मला ठाऊक हाय, भावजी," वहिनी म्हणाली. "खूण कॉलरला राहायची. गुंड्या मीच लावायची की त्यांच्या शर्टाला. ह्यो तर खालचा काठ, दुमड दिसती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पोरीला पाजायचं व्हतं," ती म्हणाली.

तेवढी वर्षं मी तिच्यापासून लपवत होतो, मामू लपवत होते, आणि ती आम्हा दोघांपासून लपवत होती. मामूंना हे कळलं असतं तर त्यांच्या जिवाला थोडा आराम पडला असता का, कोण जाणे. मला फार वाटतं की ते आणखी आठ दिवस तरी हवे होते. वहिनीनं सुईत निळा दोरा ओवला आणि तो तुकडा परत शर्टाला शिवून टाकला, बारीक टाके घालून. कुणी आलं तर फाटका देऊ नये म्हणाली. दादाची शेवटची म्हणून आमच्याकडे तेवढीच एक वस्तू होती, ती तिनं त्या माणसाच्या शर्टाला लावून दिली.

शर्ट आता खानावळीत टांगलेला आहे, मुली जेवायला बसतात त्या भिंतीला, दारातून पहिला दिसेल असा. दर जूनमध्ये नव्या मुली येतात, कुठून कुठून. पहिल्या दिवशी त्यांना वाटतं काकू मार्कं विचारतील. वहिनी ताटात भाकरी वाढते आणि विचारते, तुमच्या गावात तेलाची गिरणी हाय का गं? भूकंपाच्या वर्षी गणपतीला गेलेला कुणी परत आला न्हाई, असं घरात कुणी बोलतं का? मुली एकमेकींकडे बघतात आणि हसू दाबतात. काकू जरा तशाच आहेत, असं जुन्या मुली नव्यांना सांगतात. मामूंबद्दल आम्हीही असंच सांगायचो. पावसाळा संपला की मी तो शर्ट खाली काढतो, आणि मामू धुवायचे तसा कडेकडेनं धुतो. डागाला पाणी लागू देत नाही.